काट्याला पाणी कळत न्हाई

बनाबाई गोरड आमच्या वस्तीत कुणालाच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्या तोंडाला झाकण नाही. समोरनं ती येताना दिसली की माणसं आधी तिची काठी कुठल्या हातात आहे ते बघतात. डाव्या हातात असली तर ती मेंढरांच्या मागं आहे, बोलायला सवड नाही. उजव्या हातात असली तर ती माणसाच्या मागं आहे, तेव्हा गपगुमान बांधावरनं पलीकडं व्हावं. गेल्या माघापासून श्रावणापर्यंत ती काठी, एक वेळ सोडली तर, उजव्या हातातच होती.

बाई बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात होती. आई खडी फोडत होती आणि ही आत उपाशी होती. त्यामुळं उपाशीपणाचं कुणी कौतुक सांगायला लागलं की ती पिसाळते. लग्न झालं, तिसऱ्या वर्षी नवरा साप लागून गेला, आणि ही बारा मेंढ्या हाकत धाकट्या भावाच्या, नानासोच्या दारात आली. त्यानंतर तीस वर्षं दर दिवाळीमागनं कळप घेऊन मेढ्याच्या डोंगरातनं खाली कोकणात उतरायची आणि पावसाच्या आधी माणदेशात परतायची. चालून चालून गुडघे गेले तेव्हा वस्तीवर थांबली. आता साठेक मेंढरं आहेत, एक तट्टू आहे आणि तोंड आहे. नानासो गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं वितळवायच्या भट्टीवर, तिकडं तमिळनाडूत असतो. वर्षातनं दोनदा येतो. इथं घरात त्याची बायको सुलाबाई आणि सोळा वर्षांची लेक स्वप्नाली. बनाबाई स्वप्नालीची आत्या.

पोरगी पळायची. शाळा चार किलोमीटरवर, एसटी चुकली की पळत, आणि एसटी रोजच चुकायची. एक दिवस शंभूराज सरांनी मोटारसायकलवरनं तिला बघितलं, तिच्या शेजारनं गाडी चालवत वेगाच्या काट्यावरचा आकडा बघितला, आणि संध्याकाळी घरी येऊन सुलाबाईला म्हणाले की ही पोरगी जिल्ह्याला नाव काढणार. खेळातनं रेल्वेत, पोलिसात नोकरी लागते. सुलाबाईनं चहात साखर जास्त घातली. झालं, पोरगी अकॅडमीत गेली.

अकॅडमी म्हणजे पत्र्याचं शेड, समोर मुरमाचं मैदान आणि शेडपेक्षा मोठा फ्लेक्स. शंभूराज सर जुने पैलवान. कान फुटलेले, मान नाही, छातीवरनं खांद्यावर जाताना नजर दमते. मॅटवर दोन-चार पदकं मिळवली होती. माणूस खोटा नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं एकदाच सांगतो. परत सांगणार नाही. पहाटे सगळ्यात आधी मैदानावर तोच असायचा. पण त्याला जे येत होतं ते कुस्तीतलं येत होतं, आणि पळणं हे त्याच्या लेखी आडवी न पडता करायची कुस्तीच होती.

तालमीत एक शब्द आहे, वजन तोडणं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुस्तीच्या आधी काट्यावर उभं करतात. सहासष्ट किलोच्या गटात लढायचं आणि अंगात एकोणसत्तर आहे, तर मग तीन किलो तोडायचे. पाणी बंद, मीठ बंद, अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून उन्हात पळायचं. लोक डब्यात थुंकून थुंकून वजन तोडतात. काटा झाला की मग पैलवान पाण्याच्या तांब्यावर असा पडतो की बघवत नाही. सरांनी उमेदवारीत हेच केलं होतं. तेच त्यांनी चौदा-सोळा वर्षांच्या पळणाऱ्या पोरींना लावलं.

रोज पहाटे काचेच्या काट्यावर एकेक पोर उभी करायची. आकडा फळ्यावर लिहायचा, तोच फोनवरच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे आयाबापांनी, चुलत्यांनी, कुणीही बघावा. उतरला तर टाळ्या. चढला तर रेनकोट घालून चार फेऱ्या जादा. भात बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद, कारण शेंगदाण्यात तेल असतं. पळताना पाणी तर पापच. पोटात हिंदकळतं, बरगडीत कळ येते. पळून झाल्यावरही अर्धा तास तांब्याला हात लावायचा नाही, म्हणजे कसं आंग सुकं राहतं.

स्वप्नाली अकॅडमीत गेली तेव्हा सेहेचाळीस होती. माघात एकोणचाळीसवर आली. फळ्यावर तिच्या नावापुढं सरांनी चांदणी काढली होती. गावानं तोंड भरून कौतुक केलं. पोरगी कशी चिपाडागत झाली बघा, आता वाऱ्यावर जाईल. चिपाड म्हणजे रस काढून घेतल्यावर जे उरतं ते. एवढं तरी ऊस खाणाऱ्या माणसांना कळायला पाहिजे होतं.

माघातल्या एका सकाळी बनाबाई वाघर सोडत होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. सुलाबाई येऊन जाळीला धरून उभी राहिली. मग म्हणाली,

"वन्सं, पोरगी चार महिनं बसली न्हाई."

आमच्याकडं अजून बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसतात. भिंतीकडंला वेगळं पांघरूण, वेगळा तांब्या. ते चांगलं का वाईट ते राहू द्या. पण त्यामुळं घरातली पोर कधी बसली आणि कधी नाही हे शेजारणीला घरधन्याच्या आधी कळतं. शेजारच्या तानुबाईनं नळावर विचारून झालं होतं की स्वप्नाली आताशा बाजूला दिसत न्हाई गं, शिकलेल्या पोरी पाळत न्हाईत वाटतं? विचारताना हंडा भरून वाहत होता तरी उचलत नव्हती. चार बायका हसल्या. सुलाबाई घरी आली आणि तिनं पोरीला काही न विचारता दोन थोबाडीत दिल्या. मग विचारलं. पोरगी रडली आणि काय विचारतेस तेच तिला कळेना.

"चार महिनं गप बसलीस व्हय?" बनाबाई म्हणाली.

"कुणाला सांगू? ह्यास्नी फोनवर सांगू? भट्टी सोडून कोयता घिऊन येत्याल."

बनाबाईनं वाघरीची गाठ परत मारली. मेंढरं आत ओरडत राहिली. ती घरात गेली. स्वप्नाली गुडघ्यात मान घालून बसली होती. बनाबाईनं तिला उठवलं, पाठमोरी केली आणि झंपरावरनं पाठीवर हात फिरवला, माकडहाडापासून मानेपर्यंत, बोटं दाबत. मेंढीची तब्येत बघायची तर धनगर लोकर बघत नाही. लोकर फसवते. कण्यावरनं हात फिरवतो. हाडाच्या दोन्ही बाजूला मांस लागलं तर जनावर ठीक. नुसतं हाड लागलं तर ते जनावर पुढच्या मुक्कामाला पोचत नाही. पोरीचा कणा तिच्या बोटांना ओरखडला.

"सुले," ती म्हणाली, "हिच्या पोटात काय बी न्हाई. प्वार बी न्हाई आन् भाकर बी न्हाई."

सुलाबाई मटकन खाली बसली. बरं वाटून बसली का भिऊन, तिचं तिलाच कळलं नसेल. बनाबाई बोलतच होती. मेंढीच्या अंगावर मांस नसलं तर ती माजावर येत न्हाई, नर सोडायच्या आधी पंधरा दीस आपण चारा का वाढवतो? रोगट मेंढी गाभ टाकती, उपाशी मेंढी गाभच जात न्हाई. हे तुझ्या माहेरातलं शेंबडं प्वार बी सांगंल, आन् तू पोटच्या पोरीच्या थोबाडीत मारलीस. सुलाबाई रडायला लागली तर तिला म्हणाली की रडून डोळ्यातलं पाणी घालवू नगं, ह्या घरात पाणी आधीच कमी झालंया.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या वक्ताला ती मैदानावर होती. काठी उजव्या हातात. पोरी रांगेत उभ्या, सर काट्यापाशी. सरांनी रामराम घातला. तिनं घेतला नाही. तिनं विचारलं की हा काटा कशासाठी. सरांनी समजावलं, चांगल्या भाषेत समजावलं, हलकं आंग म्होरं जातं, आत्या.

"शर्यतीआधी काट्यावर हुभं करत्यात?"

"कुस्तीत करत्यात."

"मी पळायचं इचारतीया."

"पळायला न्हाई करत."

"मग कुणासाठी तोडतूयास?"

रांगेतली एक पोर फिसकन हसली. सुमैरा मुलाणी, बकऱ्यांचा व्यापार करणाऱ्या रसूलच्या भावाची लेक, सगळ्यात लहान. सरांनी तिच्याकडं बघितलं तसं तिनं तोंड मिटलं. सर म्हणाले, आत्या, ही पोरं हायत, मेंढरं न्हाईत.

"मेंढरं असती तर तुला हात लावू दिला नसता." बनाबाईनं काठीचं टोक काचेच्या काट्यावर ठेवलं. आकडा थरथरला. "बाजारात चोर व्यापारी काय करतूय म्हाईत हाय का? बोकडाला मीठ चारतूय आन् वर पाणी पाजतूय. बोकड दोन किलोनं वाढतंया. गिऱ्हाईक मटनाच्या भावानं पाणी घेऊन जातंया. तू त्योच धंदा उलटा करतूयास. पोरीचं पाणी काढून घेतूयास आन् म्हणतूयास चरबी गेली. काट्याला पाणी कळत न्हाई, शंभूराज. माणसाला कळाय पायजे."

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. शहाण्या गावात संपली असती. पण स्वप्नालीच रांगेतनं बाहेर आली, खाली बघत म्हणाली, आत्या, तू जा, माझं नाव कापत्याल. दहा किलोमीटरची मोठी शर्यत पुढं होती, सांगलीच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावात. त्यात पहिल्या तिघींत आली की पुढं निवड. पोरीला नाव पाहिजे होतं. बापाच्या भट्टीतनं आणि तानुबाईच्या नळावरनं लांब जायचं होतं. ते चुकीचं नव्हतं. तिच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा बनाबाईची काठी पहिल्यांदा डाव्या हातात गेली. सरांना राग आला होता, पण त्यांनी तो पोरींसमोर गिळला आणि सगळ्यांना एक फेरी जादा दिली.

मग घरात लढाई सुरू झाली. बनाबाई पहाटे हुलग्याचं माडगं करायची, दाटसर, गूळ घातलेलं. ज्या माडग्यावर आमच्या सात पिढ्या कोकण चढल्या-उतरल्या ते माडगं. बाजरीची भाकरी, त्यावर शेंगांची चटणी आणि कच्चं तेल. ताकात मीठ. पोरगी समोर बसून मान हलवायची, ताट घेऊन ओट्यावर जायची आणि रिकामं ताट आणायची. बनाबाईला बरं वाटलं. महिन्याभरानं तिच्या ध्यानात आलं की वस्तीवरचं कुत्रं गुबगुबीत झालंय. एवढं गुबगुबीत की मेंढरांमागं पळेना. तिनं त्या दिवशी कुत्र्याला हाकललं आणि पोरीला काही बोलली नाही. ती न बोललेला तो एकच दिवस आम्हाला आठवतो.

शर्यत चैत्रात. हे कोणी ठरवलं त्याला चैत्रात मुरमावर अनवाणी उभा करावा. सात वाजता सुरू होणार म्हणून पत्रिकेत छापलेलं. पोरी पहाटे तीनला निघाल्या, सहाला रांगेत उभ्या राहिल्या. आदल्या दिवसापासून सरांनी पाणी मापात ठेवलं होतं, सकाळी दोन खजूर. पाहुण्यांच्या हातानं झेंडा हलायचा होता आणि पाहुणे आले सव्वादहाला. तोवर साडेतीनशे लेकरं डांबरावर उभी. पाहुणे आले तर तेही लगेच गप बसले नाहीत. आरोग्यावर बोलले. तरुणांनी शरीर कमवावं म्हणाले. स्टेजवर त्यांच्या पुढ्यात बाटल्यांची रास, बाहेरनं दव सुटलेल्या. बनाबाई रसूल मुलाणीच्या बकऱ्यांच्या पिकअपमधनं तिथं पोचली होती. ती स्टेजपाशी गेली आणि एक बाटली मागितली. बिल्ला लावलेला पोरगा म्हणाला की ह्या स्टेजसाठी हायत, मावशी.

"आन् पळणार कोण, स्टेज?"

पोरगा बाटल्या मोजायला लागला. झेंडा हलला. साडेदहा वाजून गेले होते.

बनाबाईला शर्यत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण जनावर कुठं पडतं ते ठाऊक होतं. निघताना पडत नाही, पोचताना पडत नाही. मुक्काम जवळ आलाय असं वाटतं तिथं पडतं. तिनं रसूलला सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी लिंबाखाली गाडी लावायला सांगितली. गाडीत बकऱ्यांसाठी पाण्याचं पिंप होतं आणि तिच्याकडं ताकाचा कॅन. पाचव्या किलोमीटरला टेबलावर पाणी ठेवलं होतं. सरांच्या पोरी हात न लावता पुढं गेल्या. दुसऱ्या गावच्या पोरी चालत घोट-घोट पिऊन निघाल्या आणि पुढं त्यांनीच ह्यांना गाठलं.

स्वप्नाली आली ती रस्त्याच्या ह्या कडेवरनं त्या कडेला, दारू प्यायल्यागत. बनाबाईनं हाक मारली. पोरीनं बघितलं आणि ओळखलं नाही. अंग तापलेलं, तोंड लाल, ओठ पांढरे. गेल्या दहा पावलांत ती हसत होती, कशाला कुणास ठाऊक. मग पाय दुमडले.

माणसं धावली. आमची माणसं धावतात फार चांगली. एकानं मान वर केली, एकानं बाटलीचं बूच काढून तोंडाला लावली. बनाबाईनं काठी त्याच्या मनगटावर अशी मारली की बाटली पलीकडं गेली.

"तोंडात नगं. सुदीत न्हाई ती, छातीत जाईल पाणी. आंगावर वता."

घशात पाणी ओतून मेलेली मेंढी तिनं स्वतः पुरली होती, लहानपणी, कोकणातनं येताना. तिच्या बापानं त्या मेंढीसाठी तिला मारलं होतं. ते एवढ्या वर्षांनी उपयोगी पडलं. पोरीला कुशीवर वळवून लिंबाखाली ओढली. रसूलनं पिंप उपडंच केलं. मानेवर, काखेत, जांघेत ओल्या फडक्यांच्या घड्या, आणि बनाबाई आपल्या पदरानं वारा घालत शिव्या देत होती. कुणाला देत होती ते कळत नव्हतं. पाहुण्याला, शंभूराजला, सुलीला, स्वतःला. पिकअपच्या हौद्यात लेंड्यांवर पोरीला निजवून सरकारी दवाखान्यात नेली. दारातल्या माणसानं नाक धरलं. रसूल त्याला म्हणाला की वास आमचा हाय, पोरगी तुमची धरा.

डॉक्टरीण तरुण होती, आसिया अत्तार, मिरजेकडची. तिनं आधी पोरगी थंड केली, सलाईन लावलं, आणि संध्याकाळी पोरगी बोलायला लागल्यावर सुलाबाई-बनाबाईला बाहेर घेतलं. रक्त साडेसात. तिनं जे सांगितलं ते सुलाबाईला निम्मं कळलं आणि बनाबाईला सगळं. पळणं रोज दुप्पट केलं आणि खाणं निम्मं केलं तर शरीर एकेक खोलीतला दिवा घालवतं. आधी पाळीचा घालवतं. मग हाडं. पाळी सहा महिने नाही म्हणजे चूल विझत आलीय, तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय? पळायच्या आधी दोन तास पोटात भाकरी-भात पाहिजे, नाहीतर केळं, गूळ. तहान लागेल तेव्हा पाणी, उन्हात पळताना घोट-घोट, बदाबदा नव्हे. घाम जास्त गेला की मिठाचं ताक. पळून आल्यावर तासाच्या आत खाणं. अंडी, हुलगा, पालेभाजी. लोहाच्या गोळ्या. आणि तीन महिने पळणं बंद, मी सांगेपर्यंत.

"म्हंजे मेंढराला करतो त्योच," बनाबाई म्हणाली.

डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "तेवढं केलं असतं तरी पोरगी इथं आली नसती."

दोन दिवसांनी पोरगी घरी आली तोवर गावात गोष्ट तयार होती. आत्यानं पळताना ताक पाजलं म्हणून पडली. सरांचं पथ्य मोडलं म्हणून पडली. बनाबाईनं कॅनचं बूचही उघडलं नव्हतं. पण पारावर बसून माणसांनी ताकाचा वाससुद्धा सांगितला. सर शहाळं घेऊन भेटायला आले, दारात उभे राहून म्हणाले, पोरगी गुणाची आहे, पण जरा कच्ची निघाली. बनाबाईनं शहाळं ठेवून घेतलं आणि दार लावलं. ग्रुपवर सरांनी लिहिलं की शिस्त पाळणाऱ्या पोरींनी घाबरू नये. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. ह्याचा राग कुणाला येत नव्हता, त्याचा राग मला अजून येतो.

वैशाखाच्या सुरुवातीला बनाबाईनं कळपाची वाट बदलली.

अकॅडमीच्या पोरी रोज डांबरी रस्त्यानं तलावाच्या बांधापर्यंत सहा किलोमीटर पळतात आणि परत येतात. एवढी वर्षं तिची मेंढरं ओढ्यानं जायची. आता ती डांबरानं निघाली, बरोबर त्या वेळेला, बरोबर बांधाच्या वळणावर. मेंढरं रस्ताभर. मधोमध तट्टू, त्याच्या पाठीवर दोन कॅन, एकात पाणी, एकात मिठाचं ताक, झोळीत गुळाचे खडे आणि भाजलेल्या शेंगा. पोरी आल्या आणि थांबल्या. दुसरं करणार काय, साठ मेंढरांवरनं उडी मारणार? मागनं सरांची गाडी आली. हॉर्न वाजला. मेंढरं हॉर्नला भीत नाहीत, ती फक्त धन्याच्या आवाजाला हलतात, आणि धनीण दगडावर बसून तंबाखू मळत होती.

"आत्या, रस्ता सोडा."

"मेंढरं तहानल्यात. पाणी पिल्याबगार हालायची न्हाईत."

"इथं पाणी कुठं हाय?"

"तट्टावर."

सरांना कळलं. पोरींना त्याच्याही आधी कळलं होतं. कुणी हलेना. मग सुमैरा पुढं झाली, कॅनखाली पेला धरला, सरांकडं पाठ करून, आणि एका दमात नाही, डॉक्टरणीनं सांगितल्यागत घोट-घोट प्यायली. रसूलनं घरी सांगितलं असणार. प्यायल्यावर तिनं पेला दुसरीला दिला. शेवटच्या पोरीनं गुळाचा खडा तोंडात टाकला तेव्हा बनाबाई उठली, जिभेनं टक्‌ केलं आणि रस्ता मोकळा झाला.

सरांनी आदळआपट केली. गावचा कारभार बघणाऱ्या गुंडा पाटलाकडं तक्रार गेली की सार्वजनिक रस्ता अडवते. गुंडा पाटील समजवायला आला. बनाबाईनं त्याला विचारलं की धनगराच्या मेंढरांनी रस्त्यानं जायचं न्हाई असं कुठल्या कागदात हाय, दाव. पाटील ताक पिऊन गेला. पुढं एकदा तट्टाच्या झोळीची दोरी कुणीतरी कापली, दोनदा कॅन फोडला. तिनं तिसऱ्यांदा कातड्याची जुनी पखाल काढली, जी बापाबरोबर कोकणात जायची. ती फुटत नाही. आणि तिला राखेसारखा वास येतो म्हणून पोरी नाकं मुरडत पितात, पण पितात. सर रोज गाडीवर बसून तोंड फिरवून थांबतात. काटा अजून आहे. फळाही आहे. फक्त आकडे आता सगळ्याच पोरींचे थोडे चढतात, आणि सगळ्यांनाच रेनकोट द्यायचा तर अकॅडमीत तेवढे रेनकोट नाहीत.

स्वप्नाली तीन महिने मेंढरांमागं चालली. खात होती. कुत्रं परत वाळलं होतं, म्हणजे बनाबाईची खात्री पटली. डॉक्टरणीनं आषाढात हळूहळू पळायची परवानगी दिली, आधी वस्तीला एक फेरी, मग दोन. पण घरात दोघी बायका एकाच गोष्टीची वाट बघत होत्या आणि त्याबद्दल बोलत नव्हत्या.

श्रावणातल्या एका सकाळी सुलाबाई बांधाच्या वळणावर आली. धापा टाकत, मेंढरांतनं वाट काढत. पोरींचा घोळका पखालीपाशी होता, सर पलीकडं गाडीवर. सुलाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि बनाबाईच्या कानाशी म्हणाली,

"वन्सं, बसली."

बनाबाईनं मळलेला तंबाखू तसाच हातावर धरून ठेवला. डोळे बारीक केले, डोंगराकडं बघितलं. मग सुलाबाईकडं वळली.

"आन् तू काय केलंस?"

"काय करायचं? भिंतीकडंला बसवली. पांघरूण दिलंया, पाणी दिलंया..."

"जेवाण?"

बाजूला बसलेल्या बाईला सगळ्यांचं झाल्यावर मिळतं, हे काय सांगायचं.

"धा महिनं वाट बघितली आन् आली ती उपाशी बसवलीस!" आवाज एवढा चढला की पोरींनी पेले खाली केले आणि सरांनीसुद्धा मान वळवली. काठी आधीच उजव्या हातात होती. "जा माघारी. आधी भाकर घाल, तूप घाल, मग कुठं बसायचं ती बसू दे. आन् तिला म्हणावं पायात बूट घाल आन् हितं ये. ताक राखून ठेवतीया."

सुलाबाई गेली. सरांनी हॉर्न दिला, दोनदा. बनाबाई खाली बसली, तंबाखू तोंडात टाकला आणि पाय पसरले.

"थांब," ती म्हणाली. "एक यायची हाय अजून."